वाईटपणा कोण घेणार? ऑफिसातल्या छोट्या, अवघड गोष्टींबद्दल

महापे किंवा ऐरोलीतल्या कुठल्याही ऑफिसात आठवडाभर बसा, एवढ्या गोष्टी दिसतीलच. ईशान्येकडून आलेल्या नव्या मुलीचं नाव कुणाला नीट म्हणता येत नाही, म्हणून सगळ्यांनी तिचं परस्पर ‘पिंकी’ करून टाकलंय. वाढदिवसाचा केक मागवायचं काम टीममधल्या एकाच बाईकडे, मीटिंगचे मिनिट्स लिहायचंही तिच्याकडेच. कुणाच्या तरी सेंड-ऑफला पाचशे-पाचशे काढायचे ठरतात, तेव्हा कंत्राटावरचा मुलगा क्षणभर मोबाइलमध्ये बघतो आणि मग ‘हो, हो, चालेल’ म्हणतो. स्क्रीन शेअर करताना एकाचा बायकोशी चाललेला चॅट सगळ्यांसमोर उघडा पडतो. दिसतं सगळ्यांनाच. बोलत कुणी नाही. विचारलंच तर उत्तर ठरलेलं: ‘जाऊ दे ना, वाईटपणा कोण घेणार?’

या उत्तरात एक गोष्ट आपण धरून चालतो. आत्ता सगळं सुरळीत आहे आणि बोलणारा माणूस ते बिघडवणार, अशी ती समजूत. पण अवघडलेपण तिथे आधीपासूनच आहे; ते एकाच माणसाच्या डोक्यावर आहे म्हणून बाकीच्यांना जाणवत नाही, इतकंच. पिंकी म्हणवून घेणारी ते रोज सोसते. पाचशेला ‘हो’ म्हणणारा ते महिनाअखेरीपर्यंत सोसतो. दुसऱ्या कुणी तोंड उघडलं की त्यातलं थोडं त्याच्या वाट्याला येतं, थोडं सगळ्यांच्या, आणि ज्याच्यावर ते होतं तो मोकळा श्वास घेतो. सहकाऱ्याला आधार देणं म्हणतात ते बहुतेक वेळा एवढंच असतं, आणि त्याला लागतात साधारण दहा सेकंद. मग ती दहा सेकंदं इतकी जड का जातात?

१९६८ साली अमेरिकेतल्या बिब लाटाने आणि जॉन डार्ली या मानसशास्त्रज्ञांचा एक प्रयोग प्रसिद्ध झाला. कॉलेजच्या मुलांना एका खोलीत फॉर्म भरायला बसवलं आणि भिंतीतल्या झरोक्यातून आत धूर सोडायला सुरुवात केली. मुलगा एकटा असेल तर चारांपैकी तिघं उठून बाहेर सांगायला गेले. मग काही मुलांसोबत दोन-दोन माणसं बसवली, ज्यांना ‘काहीही झालं तरी ढिम्म हलायचं नाही’ असं आधीच पढवलं होतं. आता दहातला फक्त एक जण उठला. बाकीचे खोकत होते, डोळे चोळत होते आणि फॉर्म भरत होते. नंतर विचारलं तर कुणी म्हणालं वाफ असेल वाटलं, कुणी म्हणालं एसीचं काहीतरी असेल.

या मुलांना भित्री म्हणून सोडून देता येत नाही. प्रत्येक जण शेजाऱ्याच्या चेहऱ्याकडे बघून ठरवत होता की हे गंभीर आहे की नाही. आपल्या मीटिंग रूममध्ये नेमकं हेच चालतं. मॅनेजर एखाद्याला घालूनपाडून बोलतो, आठ जण एकमेकांकडे बघतात, आठही चेहरे कोरे. त्यातून प्रत्येक जण अर्थ काढतो की बाकीच्यांना यात काही वावगं वाटत नाहीये, आपल्यालाच जास्त वाटतंय. आठांच्या मनात एकच गोष्ट असते आणि आठही जण स्वतःला एकटे समजतात. संध्याकाळी घणसोलीला गाडीत शिरल्यावर मात्र यातलेच तिघं म्हणणार, ‘आज जरा अतीच झालं हां.’

दुसरं कारण आपल्या अंदाजातली चूक. २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी संशोधनात सर्व्हे घेणारी व्यक्ती चेहऱ्यावर ठळक डाग लावून लोकांशी बोलायला गेली. डाग लिपस्टिकचा, चॉकलेटचा वगैरे, पुसला की जाणारा. शंभरात तीन जणांनीसुद्धा तिला सांगितलं नाही. त्याच संशोधनातल्या पुढच्या प्रयोगांचं सार असं की समोरच्याला ते ऐकायला किती हवं असतं याचा आपण फार कमी अंदाज बांधतो. ‘त्याला वाईट वाटेल’ असं म्हणताना आपण बहुधा स्वतःचं अवघडलेपण त्याच्या नावावर खपवत असतो. स्वतःच्या बाबतीत विचार करून बघा. सकाळपासून शर्टाचं बटण उघडं होतं आणि चार वाजता आरशात कळलं, तर राग कुणाचा येतो? सांगणाऱ्याचा नक्कीच नाही.

दुसरा आवाज

आता ज्या प्रयोगासाठी हा लेख लिहायला घेतला तो. १९५० च्या दशकाच्या सुरुवातीला मानसशास्त्रज्ञ सॉलोमन अ‍ॅश यांनी लोकांना दोन कार्डं दाखवली. एकावर एक रेघ, दुसऱ्यावर तीन. तिघींतली कुठली पहिलीएवढी लांब आहे ते मोठ्याने सांगायचं. पोरासोरांनाही जमेल असा प्रश्न. पण खोलीतला खरा उमेदवार एकच, बाकी सगळे फितूर, आणि ठरलेल्या फेऱ्यांना ते एकमुखाने चुकीचं उत्तर द्यायचे. त्या फेऱ्यांत उमेदवारांची सुमारे एक तृतीयांश उत्तरं गटाच्या मागे गेली. डोळ्यांना दिसत होतं एक, तोंडातून निघत होतं दुसरंच.

हा भाग बऱ्याच जणांनी ऐकलेला असतो. याच्या पुढचा भाग का कोण जाणे ट्रेनिंगच्या स्लाइडवर येत नाही. अ‍ॅश यांनी फितुरांमधल्या एकाला खरं उत्तर द्यायला सांगितलं. फक्त एकाला. गटाच्या मागे जाण्याचं प्रमाण आधीच्या एक चतुर्थांशावर किंवा त्याच्याही खाली घसरलं. आणि गंमत म्हणजे तो एकटा माणूस बरोबर असण्याचीही गरज नव्हती. तो इतरांपेक्षा वेगळं चुकीचं बोलला तरी उमेदवाराला स्वतःच्या डोळ्यांवर विश्वास ठेवायला बळ यायचं. एकमत एकदा तडकलं की पुढचं बोलणं सोपं होतं.

ऑफिसात याचा अर्थ असा की पहिला आवाज फार महाग असतो, दुसरा खूपच स्वस्त, आणि तरीही फरक बराचसा दुसऱ्यानेच पडतो. तुम्हाला घंटा बांधायला जायचं नाहीये. ज्याने बांधायला हात पुढे केलाय त्याच्या शेजारी उभं राहून ‘मलाही तसंच वाटतं’ म्हणायचंय. मीटिंगमध्ये कुणी चाचरत ‘ही डेडलाइन जरा…’ असं सुरू केलं आणि सगळे गप्प झाले, तर तिथे ‘हो, मलाही अवघड वाटतेय, जरा बघूया’ हे वाक्य लाखाचं आहे. तीच गोष्ट नंतर गाडीत ‘तुझंच बरोबर होतं रे’ म्हणून सांगितली तर? ऐकणाऱ्याला बरं वाटतं, नाही असं नाही. पण त्याच्या मनात एक प्रश्नही उभा राहतो, की मग तेव्हा कुठे होतास. गाडीतलं वाक्य वाया जाऊ द्यायचं नसेल तर त्याला एक शेपूट जोडा: ‘पुढच्या रिव्ह्यूला पुन्हा निघालं तर मी बोलतो.’

इंग्रजीचं उदाहरण घेऊ, कारण ठाणे-नवी मुंबईच्या ऑफिसांत याच्याइतकी नेहमीची आणि न बोलली जाणारी दुसरी गोष्ट नसेल. शहापूर, मुरबाडहून किंवा कळव्याच्या मराठी शाळेतून आलेला मुलगा. काम चोख. क्लायंट कॉलवर तो काही सांगायला जातो, एक शब्द अडखळतो, कुणीतरी म्यूट करून फिसकन हसतं, लीड मध्येच घुसून म्हणतो, ‘व्हॉट ही मीन्स इज…’ आणि बोलणं स्वतःकडे घेतो. चार वेळा असं झालं की पाचव्या वेळी तो मुलगा बोलणंच सोडतो. वर्षअखेरीला त्याच्या अप्रेझलमध्ये लिहून येतं की ‘संवादकौशल्य वाढवावं’.

इथे सहकाऱ्याने काय करावं? ‘त्याच्या इंग्रजीला हसू नका’ असं भर कॉलवर म्हणालात तर त्या बिचाऱ्याला जमिनीत गडप व्हावंसं वाटेल, कारण तोपर्यंत ज्यांच्या लक्षात आलं नव्हतं त्यांच्याही येईल. त्यापेक्षा मुद्द्यावर परत या. ‘रोलबॅकबद्दल तो जे सांगत होता ते महत्त्वाचं आहे, त्याचं पूर्ण होऊ दे.’ एवढंच. भाषेचं नावही काढायचं नाही. अपमानाकडे बोट न दाखवता त्या माणसाला त्याची जागा परत मिळते, आणि मध्ये घुसणाऱ्यालाही कळायचं ते कळतं.

याचंच उलटं रूपही आहे, आणि ते आपण मराठी माणसांनी जरा मोकळेपणाने बघायला हवं. पाच जण मराठीत कामाचं ठरवताहेत आणि सहावी, तमिळ मुलगी, लॅपटॉपमध्ये बघत बसलीये. कँटीनमध्ये, चहाच्या टपरीवर मराठी खुशाल चालू द्या. उलट तिलाही दोन शब्द शिकवा. पण काम वाटलं जात असताना तिला वगळून ते चालत असेल तर कुणीतरी ‘एक मिनिट, हिला सांगतो काय ठरलं’ म्हणायला हवं. यात मराठीचं काही कमी होत नाही. हिंदीत रंगलेल्या गटात आपण बसलो असताना कुणी आपल्यासाठी एवढं केलं, तर आपल्याला ते लक्षात राहतंच.

डब्यांचं प्रकरण याहून नाजूक. मायक्रोवेव्हमध्ये बोंबलाचं कालवण तापलं की कुणीतरी नाक मुरडतं, मग ग्रुपवर ‘कृपया इतरांचा विचार करा’ असा मेसेज, मग न लिहिलेला नियम. ज्याचा डबा असतो तो जिन्यात जाऊन जेवायला लागतो. नवी मुंबई वसवताना इथल्या ९५ गावांच्या जमिनी घेतल्या गेल्या. ऐरोली, घणसोली, महापे, तुर्भे ही आधी आगरी-कोळ्यांची गावं होती, आयटी पार्कांचे पत्ते नंतर झाली. तेव्हा जिन्यात बसून जेवणाऱ्याच्या आजोबांचं शेत कदाचित याच इमारतीखाली असेल. हे भाषण कँटीनमध्ये ठोकायची गरज नाही. आपला डबा उचलून त्याच्या टेबलावर जाऊन बसायचं. वास खरंच कोंडत असेल तर एक्झॉस्ट दुरुस्त करा म्हणून अ‍ॅडमिनला मेल टाकायचा, आणि तो स्वतःच्या नावाने टाकायचा.

कुठे, कधी, कोणत्या शब्दांत

माझा एक ढोबळ नियम आहे. माणसाच्या अंगावरचं, कपड्यांवरचं काही असेल तर ते एकट्यात, लगेच, आणि एका वाक्यात. चारचौघांनी मिळून कुणाशी केलेलं वागणं असेल तर ते जिथे घडलं तिथेच, पण हलक्या आवाजात.

पहिल्या प्रकारात अजून एक चाळणी लावा: त्याला ते आत्ता दुरुस्त करता येण्यासारखं आहे का? चेन उघडी आहे, दातात कोथिंबीर आहे, कुर्त्यावर डाग पडलाय, स्क्रीनवर सॅलरी स्लिप दिसतेय, तर लगेच सांगा. पावसात ट्रेनमधून उतरून आलेल्या बाईच्या सलवारीवर मागे चिखल उडालाय, तर सांगा. पाळीचा डाग असेल तर बाईने सांगितलेलं बरं. आसपास दुसरी बाई नसेल तर पुरुषानेही ‘मागे काहीतरी लागलंय, बघून या’ एवढं म्हणून आपल्या खुर्चीकडे वळावं. जे पाच मिनिटांत बदलत नाही, म्हणजे वजन, केस, रंग, मुरुम, त्यावर काहीही बोलायचं नाही. तो आधार नव्हे, आगाऊपणा. घामाच्या वासाचं काय, असं नेहमी विचारतात. ते सगळ्यांत जवळच्या माणसाने, एकदाच, घरी निघताना सांगावं. टेबलावर गुपचूप डिओ ठेवून देण्याची जी पद्धत काही ठिकाणी आहे ती मला क्रूर वाटते.

दुसऱ्या प्रकारात नावाने सुरुवात केलेली सोपी. त्या ‘पिंकी’ला बाजूला भेटून विचारा, ‘तुझं नाव नीट कसं म्हणायचं, एकदा सांग.’ मग मीटिंगमध्ये तेच वापरा. कुणाची कानउघाडणी करायची गरज नाही. दोघा-तिघांनी वापरलं की बाकीचे आपोआप वळतात. पैशांच्या वर्गणीत तर कुणाकडे बघायचंसुद्धा नाही: ‘दोनशे ठेवूया का? ज्याला जास्त द्यायचेत त्याने द्यावेत.’ हे म्हणणारा माणूस ज्याचा पगार बरा आहे असा असावा, तरच ते चालतं.

मुद्दा एकीचा आणि नाव दुसऱ्याचं, हे झालं की ‘हो, हे मघाशी स्नेहा म्हणाली होती. स्नेहा, तू पुढे सांग’ हे वाक्य कामी येतं. ओबामांच्या कार्यकाळात व्हाइट हाउसमधल्या महिला अधिकाऱ्यांनी आपापसांत हेच ठरवलं होतं. एकीने मुद्दा मांडला की दुसरीने तो तिचं नाव घेऊन पुन्हा मांडायचा. २०१६ साली हे वर्तमानपत्रात आलं तेव्हा बऱ्याच बायकांना त्यात नवल वाटलं नसेल. मिनिट्स आणि केकचं काम मात्र पुरुषांनी सोडवलेलं बरं: ‘या महिन्याचे मिनिट्स मी लिहितो, पुढच्या महिन्यात तू घे.’ तिने स्वतः म्हटलं तर ती कटकटी ठरते.

शब्द मऊ असावेत, पण इतके नकोत की अर्थच निसटेल. याचं टोकाचं उदाहरण विमानांच्या दुनियेतलं आहे. २७ मार्च १९७७ ला टेनेरिफच्या विमानतळावर धुक्यात दोन जम्बो विमानं धावपट्टीवर एकमेकांवर आदळली, ५८३ माणसं गेली. उड्डाणाला सुटलेल्या केएलएमच्या विमानात फ्लाइट इंजिनिअरला शंका आली होती. समोरचं पॅन अ‍ॅमचं विमान अजून धावपट्टीवरून हटलं नाहीये का, असं त्याने विचारलंही. अनुभवी कॅप्टनने ठामपणे सांगितलं की हटलंय. इंजिनिअर पुढे काही बोलला नाही. अपघाताची कारणं अनेक होती, पण या आणि अशा इतर अपघातांनंतर विमान कंपन्यांनी प्रशिक्षणच बदललं: कनिष्ठाने शंका प्रश्नात गुंडाळून ठेवायची नाही, सरळ सांगायची, उत्तर पटलं नाही तर पुन्हा सांगायची, आणि वरिष्ठाने ती ऐकून घ्यायची. आपल्याकडे ‘सर, एकदा बघता का, म्हणजे बरोबरच असेल, पण…’ अशी सुरुवात असते. त्यातलं ‘म्हणजे बरोबरच असेल’ गाळलं तरी पुष्कळ काम होईल.

एक सावधगिरी. तुम्ही ज्याच्यासाठी बोलणार आहात त्याला ते हवंय का, हे विचारल्याशिवाय प्रत्येक वेळी झेंडा घेऊन पुढे होऊ नका. कुणाला ‘पिंकी’ खरोखर आवडतही असेल. कुणी प्रोबेशनवर असेल आणि त्याला सध्या कुणाच्याच नजरेत यायचं नसेल. ‘मघाशी जे झालं त्यावर मी काही बोललो तर चालेल का?’ हा प्रश्न पुरतो, आणि उत्तर ‘नको’ असेल तर नको. शिवाय बोलण्याची किंमत सगळ्यांना सारखी पडत नाही. कंत्राटी हाउसकीपिंगच्या मावशींनी साहेबांना टोकणं आणि दहा वर्षं पर्मनंट असलेल्याने टोकणं यात जमीन-अस्मानाचा फरक आहे. ज्याचं काही जाणार नाही त्याने आधी बोलावं, हा साधा न्याय आहे.

काही गोष्टी दिसायला छोट्या आणि असायला छोट्या नसतात. नको असलेला स्पर्श, अश्लील विनोद, रात्री येणारे मेसेज, यांसाठी ‘हलक्या आवाजात सांगू’ पुरत नाही. कामाच्या ठिकाणी बायकांच्या होणाऱ्या लैंगिक छळाविरुद्धचा २०१३ चा कायदा, ज्याला ऑफिसात सगळे पॉश म्हणतात, त्याप्रमाणे १० किंवा जास्त माणसं काम करतात तिथे अंतर्गत समिती असणं सक्तीचं आहे. त्याहून लहान जागा असेल, किंवा तक्रार खुद्द मालकाविरुद्ध असेल, तर जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जायचं. इथे पत्ता बघून घ्या: ऐरोली ते बेलापूर ठाणे जिल्ह्यात येतं, खारघर-पनवेल रायगडमध्ये. तक्रार घटनेपासून ३ महिन्यांत द्यायची असते आणि सबळ कारण असेल तर समिती आणखी ३ महिने वाढवून देऊ शकते. ती बाई स्वतः तक्रार देऊ शकत नसेल, तर तिच्या लेखी संमतीने घटना माहीत असलेली व्यक्ती ती देऊ शकते, म्हणजे सहकारीही. अनुसूचित जाती-जमातीच्या माणसाला मुद्दाम चारचौघांत जातीवरून हिणवणं हा १९८९ च्या अ‍ॅट्रॉसिटी कायद्याखाली गुन्हा आहे; तो ‘मजाक’ म्हणून सोडून द्यायचा विषय नाही. अशा वेळी साक्षीदार म्हणून तारीख, वेळ, काय बोललं गेलं ते त्याच दिवशी लिहून ठेवणं हा सगळ्यांत मोठा आधार असतो.

राहता राहिले ते लोक ज्यांना कुणीतरी येऊन काही सांगतं. हार्वर्डच्या एमी एडमंडसन नव्वदच्या दशकात रुग्णालयांत औषधं देण्यातल्या चुकांचा अभ्यास करत होत्या. चांगल्या टीम कमी चुका करत असतील अशी त्यांची अपेक्षा होती. नोंदी बघितल्या तर चांगल्या टीमच्या नावावरच जास्त चुका. उलगडा असा झाला की या टीममध्ये लोक चूक झाली की सांगत होते, बाकीच्यांत झाकत होते. सांगणं आणि झाकणं यातला फरक पडतो तो पहिल्या ऐकणाऱ्याच्या चेहऱ्यावर. मीटिंगमध्ये कुणी म्हणालं की ‘सर, तिचं बोलणं राहिलं होतं’, तर ‘मी कुठे अडवलं?’ म्हणून खुलासे देत बसू नका आणि दहा वेळा सॉरीही म्हणू नका, कारण मग सगळ्यांना तुमचीच समजूत काढत बसावं लागतं. ‘हो, बरोबर. बोल, स्नेहा’, आणि लॅपटॉपवरून हात काढून तिच्याकडे बघा.